पावगाडीची श्वासनळी

३ ऑक्टोबर. उणे ६.

सार्गिलाना गाडीत बसली आणि दोन मिनिटांत खाली उतरली. तोंडावर हात. "बाबा, तेलाचा वास!" मी म्हटलं, तेलाचा नव्हे, तेलाच्या वाफेचा. "तेच ते हो," म्हणाली आणि कुंपणाला धरून ओकली.

तेच ते कसं? तेल वेगळं, वाफ वेगळी. पण पोटुशी लेकीशी वाद घालू नये. सातवा संपत आलाय.

दोष गाडीचा नाही. या जातीच्या गाड्यांना आमच्याकडे सगळेच पाव म्हणतात — दिसतातच तशा, भट्टीतून काढलेल्या पावासारख्या. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, आतच, झाकणाखाली. फायदा असा की उणे पन्नासात बिघडली तर बाहेर न उतरता, बसल्या जागी हात घालता येतो. तोटा असा की इंजिन जे उच्छ्वासातून सोडतं ते बसणाऱ्याच्या नाकात जातं. अठरा वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंचा काल फोन. दिवस भरतात ५ डिसेंबरला, पण २० नोव्हेंबरलाच दवाखान्यात आणून ठेवा. आधीची दोन राहिली नाहीत. एक पाचव्यात, एक आठव्यात. तिसऱ्यांदा काही व्हायला नको. एकशे चाळीस किलोमीटर. जावई एर्चिम खाणीवर, त्याची पाळी १ डिसेंबरला संपते.

म्हणजे नेणार मी. सात आठवडे हातात आहेत. पाव अशी तयार करीन की लोकांनी बघत राहावं.

५ ऑक्टोबर. उणे ९.

माझी बायको मार्फा म्हणते, "गावरील दर गुरुवारी माणसं घेऊन जातो तालुक्याला. त्याच्याबरोबर पाठव की."

गावरील! समोरच राहतो, त्याच्याकडेही पावच आहे. त्याच्या गाडीचं दार दोरीनं बांधलेलं असतं.

मी म्हटलं, माझी पोर दोरीच्या दाराआड बसणार नाही.

"दोरी बांधलेल्या गाडीनं तो चौदा वर्षं माणसं पोचवतोय, म्हाताऱ्या."

दैवानं पोचवतोय. मी दैवावर गाडी चालवत नाही.

९ ऑक्टोबर. उणे १४.

इंजिनातलं उन्हाळी तेल काढलं, हिवाळी भरलं. मागच्या पुढच्या आसांचंही. इथे निम्मे लोक इंजिनाचं तेल बदलतात आणि आसांचं विसरतात, मग जानेवारीत चाकं फिरायलाच तयार नसतात आणि हे कपाळाला हात लावून बसतात.

रेडिएटरपुढे पुठ्ठा. झाकणावर नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा, दुसरा थर, कडा शिवून. खिळे मारले नाहीत, शिवला. सुई मोडली, मार्फाची. तिला सांगितलेलं नाही.

१४ ऑक्टोबर. उणे १७.

इंजिनाचं पुढचं सील, तेल अडवणारं रबरी कडं, बदललं. जुनं अजून दोन वर्षं चाललं असतं. तरी बदललं. नवं कोरं, शहरातून मागवलेलं.

हे काम मला कुणी शिकवलं नाही. आठवी पास झालो आणि सामूहिक शेतावरचा मोडका ट्रॅक्टर एकट्यानं खोलला. जोडला तेव्हा तीन बोल्ट उरले. पुन्हा खोलला. पुन्हा जोडला. चौथ्या वेळी एकही उरला नाही. तीच माझी शाळा. आता वरच्या आळीतला तो इंजिनियरही गाडी अडली की माझ्याच फाटकाशी येतो, आणि येताना टोपी काढतो.

१९ ऑक्टोबर. उणे २१.

खिडक्यांना दुसरी काच बसवली. दोन काचांमध्ये बोटभर हवा, कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. डावीकडची मागची काच दोनदा काढून पुन्हा लावली. पट्टी एका बाजूला अर्धा मिलिमीटर वर होती. मार्फा चहा घेऊन आली, बघत उभी राहिली. म्हणाली, "लग्नात माझ्याकडे इतकं निरखून बघितलं नव्हतंस."

लग्नात तुझ्यात काही दुरुस्त करण्यासारखं नव्हतं, म्हटलं. खूष झाली. बरं जमलं.

२४ ऑक्टोबर. उणे २६.

सार्गिलानाचे पाय सुजलेत. नर्स म्हणाली, होतं असं. "होतं असं" हे मागच्या वेळीही म्हणाली होती.

२८ ऑक्टोबर. उणे २९.

मागच्या सीटच्या बाजूला टोपलीसाठी दोन आकडे लावले — येताना बाळ असेल, त्याची टोपली हलायला नको. मार्फानं पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली.

"काढ ते."

आकडेच आहेत.

"जन्माला न आलेल्याचं बिऱ्हाड मांडायचं नाही! तुला माहीत नाही? एक झबलं घरात आणलेलं नाही मी. काढ आधी."

काढले. भोकं राहिली, दोन. बुजवली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण संध्याकाळी बुजवलेल्या भोकांवरून पुन्हा हात फिरवून आलो.

२ नोव्हेंबर. उणे ३३.

वासाचं काही केलंच पाहिजे. आज पुन्हा बसवून पाहिली. पाच मिनिटं. ओकारी. एकशे चाळीस किलोमीटर म्हणजे साडेतीन तास, रस्ता चांगला असला तर. साडेतीन तास ओकत गेली तर पोटातल्याचं काय होईल?

मूळ आहे श्वासनळीत. इंजिनात तेलाची वाफ कोंडते, ती बाहेर पडायला वर एक रबरी नळी असते. पावात ती आतच सोडलेली असते, झाकणाखाली. म्हणून वास.

उघड आहे: नळी लांबवायची, फरशीतून खाली काढायची, बाहेर सोडायची. आणि उघड आहे की इथे कुणी तसं करत नाही. वाफेत पाणी असतं. बाहेरच्या थंडीत ते नळीच्या तोंडाशी गोठतं, बूच बसतं, इंजिनाचा श्वास कोंडतो. मग आतला दाब वाट शोधतो आणि तेल फेकून देतो. हे मीच किती जणांना सांगितलंय! नाक पांघरुणातच ठेवा.

पण माझ्या डोक्यात वेगळं आहे. नळी सायलेन्सरच्या पाइपाला चिकटवून न्यायची. पाइप तापलेला असतो. वरून नमदा, त्यावर रेनडियरच्या पायाचं कातडं, केस बाहेरच्या अंगाला. गोठेल कशी?

६ नोव्हेंबर. उणे ३६.

झाली. दोन मीटर दहा सेंटिमीटर. सात ठिकाणी तारेनं बांधली, गाठी सगळ्या एका दिशेला. टोक सायलेन्सरच्या तोंडापुढे चार बोटं.

गावरील कुंपणावरून वाकून बघत होता. "स्पिरिदोनदादा, गाडीला शेपूट फुटलं काय?"

सांगितलं काय केलंय ते.

"नाक दाराबाहेर ठेवून झोपायचं म्हणता? तुम्हीच तर मला चार माणसांत झापलं होतंत त्यावरून!"

तू उघडी सोडली होतीस, म्हटलं. मी शाल पांघरून सोडलीय.

आत येऊन गाडीखाली सरपटला. बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा थट्टा करत नव्हता. "डोकं आहे हां तुमचं," म्हणाला. मग अंगावरचा बर्फ झटकत, "माझ्या बायकोलाही, दारियाला, हा वास सोसत नाही. दमेकरी माणूस. दर वेळी खिडकी उघड म्हणते, उणे चाळीसात!"

आधी हिवाळा जाऊ दे, मग तुलाही करून देईन, म्हटलं. उदार झालो होतो.

१० नोव्हेंबर. उणे ३८.

चाचणी. सार्गिलानाला घेऊन वीस किलोमीटर, गवताच्या कुरणापर्यंत आणि परत. वास नाही. अजिबात नाही! ती मागे बसून शिंगराच्या चरबीत तळलेली धिरडी खात होती. चार खाल्ली. "बाबा, हिच्यात मी झोपूसुद्धा शकते."

दोन महिन्यांत तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

१३ नोव्हेंबर. उणे ४१.

गाडी बाहेर अर्धा तास चालू ठेवून नळीचं टोक पाहिलं. आतल्या कडेला बर्फाची रेघ. नखाएवढी. बोटानं काढली.

उभी गाडी आणि पळती गाडी यांत फरक असतो. पळताना पाइप जास्त तापतो.

१४ नोव्हेंबर. उणे ४३.

पळताना वाराही लागतो.

१६ नोव्हेंबर. उणे ४७.

धुकं उतरलंय. समोरचं गावरीलचं घर दिसत नाही, फक्त धुराडं ऐकू येतं.

नळी परत आत घ्यावी का? दहा मिनिटांचं काम. कात्री घेऊन गाडीखाली गेलोसुद्धा. पडून राहिलो. मग तिचा आवाज आला अंगणातून, आईला सांगत होती — "बाबांनी काय केलंय बघ ना, मला आता जायची भीतीच वाटत नाही."

कात्री खिशात घालून बाहेर आलो. कातड्याचा आणखी एक थर चढवला.

आणि गाव काय म्हणेल, हेही मनात आलं. लिहितोय ते खरं लिहावं.

१९ नोव्हेंबर. उणे ५१.

उद्या निघायचं. बॅटरी घरात, चुलीमागे. पाच लिटर जास्तीचं तेल. इंजिन तापवायला ब्लोलॅम्प. कुऱ्हाड, सरपण, दोन गोधड्या, सशाच्या कातड्याची रजई. तिच्यासाठी दोन थर्मास. सगळ्या वस्तू कुठे आहेत ते डोळे मिटून सांगू शकतो. मिटून सांगितलंही, मार्फानं तपासलं. एक चुकली: काडेपेटी उजव्या खिशात होती, मी डावा म्हणालो.

काडेपेटी काढून डाव्या खिशात घातली.

मार्फानं चुलीतल्या आगीला धिरड्याचा तुकडा आणि लोणी दिलं. ओठ हलत होते. मी बाजूला उभा होतो. आज टोपी काढून उभा होतो.

थांबावं का दोन दिवस? उतरेल थंडी? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबू नका, पायांची सूज मला आवडत नाही.

२१ नोव्हेंबर. तालुका. उणे ५३ काल होतं, तेच लिहितो.

दवाखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत बसून लिहितोय. ती वरच्या मजल्यावर आहे. ठीक आहे. दोघंही ठीक. हे आधी लिहितो.

काल दहाला निघालो. अडुसष्ट किलोमीटरपर्यंत सगळं नीट. दीड तास. ती मागे आडवी होती, गुणगुणत होती. मग झाकणाखालून ठप्प असा आवाज. तेल मोजायची काडी उडाली होती. पाठोपाठ निळा धूर, तेल तापलेल्या लोखंडावर पडून जळतं तसा. गाडी भरून गेली.

मला त्याच क्षणी कळलं. काही बघावं लागलं नाही.

गाडी थांबवली, दार उघडलं, धूर जाऊ दिला, लगेच लावलं. झाकण काढलं. आत सगळीकडे तेल. पुढचं सील बाहेर फेकलं गेलं होतं. नळी वरच्या बाजूनं उपटली — फुस्स! कोंडलेला श्वास सुटला. खाली उतरून टोक पाहिलं. बूच. बोटाएवढं लांब, पांढरं, घट्ट. सायलेन्सर तापलेलाच होता. त्याचा काही उपयोग झाला नव्हता. जिथे पाइप संपतो आणि वारा सुरू होतो त्या चार बोटांत गोठलं होतं. चार बोटं!

"काय झालं, बाबा?"

काही नाही. तेल जरा सांडलंय.

इंजिन बंद केलं तर पावात ऊब वीस मिनिटं टिकते. मी मागेच मोजलेलं आहे. चालू ठेवलं तर तेल गळून इंजिन जळतं. म्हणून पाच मिनिटं चालू, तेल ओता, आठ मिनिटं बंद. पुन्हा. पाच लिटर होतं. तिला दोन्ही गोधड्यांत आणि रजईत गुंडाळलं. पापण्यांवर दव गोठत होतं ते मी अंगठ्यानं पुसत होतो. मी विचारलं, दुखतंय? "नाही." पुन्हा विचारलं. "पोट कडक झालंय. होतं आणि जातं. तुम्ही तुमचं काम करा ना, बाबा."

तुम्ही तुमचं काम करा!

त्या रस्त्यावर फोन लागत नाही. आमच्याकडे उभ्या गाडीला कुणी ओलांडून जात नाही. शत्रू असला तरी थांबतो. पण थांबायला आधी कुणीतरी यावं लागतं. धुक्यात पंचवीस पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. चौथ्या लिटरला मी सरपणाकडे बघायला लागलो. रस्त्याकडेला शेकोटी करायची, तिला बाहेर काढायचं. काढायचं की नाही? गाडीतली थंडी बरी की शेकोटीजवळची? आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर माहीत नव्हतं.

पंचावन्न मिनिटांनी दिवे दिसले. मालाचा ट्रक. तिशीचा गडी, उइबान नाव. उडी मारून आला.

"काय, काका, दुकान बंद?" मग त्याला सार्गिलाना दिसली आणि त्याचा चेहरा बदलला. "ताई, उठू नको. मी उचलतो. अगं उठू नको म्हणतोय ना! घरी दोन आहेत मला, उचलायची सवय आहे."

गोधड्यांसकट उचलून ट्रकात नेली. ट्रकात इतकी ऊब होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, "झालं काय नेमकं?"

"सील गेलं," मी म्हणालो. "जुनं होतं."

विचार करून नाही म्हणालो. तोंडातून आलं. ती शेजारी होती. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा नसते तर आज मी मेले असते."

उइबान म्हणाला, "उणे त्रेपन्नात तासभर पाच लिटरवर? काका, तुमच्याकडून शिकायला हवं."

मी तिच्या पायांवरची गोधडी नीट केली.

२३ नोव्हेंबर. तालुका. उणे ५०.

उइबाननं पाव ओढून आणून दिली. एकाचं गरम गॅरेज भाड्यानं मिळालं. सील बसवलं, नवं. हे दुसरं नवं.

नळी आत कापून घेतली, पूर्वीसारखी झाकणाखाली सोडली. बाहेरचा तुकडा, कातडं, नमदा, सात तारा — ते काढायला गेलो आणि थांबलो. काढलं तर गावरील पहिल्याच दिवशी विचारणार, शेपूट कुठे गेलं? ठेवलं तर काही बिघडत नाही. आत जोडलेलंच नाही. नुसतं लटकतंय.

ठेवलं.

२५ नोव्हेंबर. घरी. उणे ४९.

गोष्ट माझ्याआधी पोचली होती. दुकानात बाई मला पैसे देऊ देईनात. शाळेच्या मास्तरांनी हात धरला तो सोडेनात. वरच्या आळीतला इंजिनियर म्हणाला, "आठ मिनिटं बंद, पाच चालू — हे गणित कसं काढलंत?" मार्फा सांगते तेव्हा पंचावन्न मिनिटांचे दोन तास झालेले असतात. मी दुरुस्त केलं नाही. मी! दुसऱ्याचं अर्धं मिलिमीटर दुरुस्त करणारा.

२७ नोव्हेंबर. उणे ५२.

गावरील आला. घोड्याच्या बरगड्या घेऊन, चांगल्या, जाड चरबीच्या. बसला. दोन पेले घेतले. मग मुद्द्यावर आला.

"दादा, एक विचारू? नळीचं काय झालं? चालली का त्या थंडीत?"

मार्फा चुलीशी होती. ऐकत होती. गावरीलच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. असती तर कदाचित मी खरं सांगितलं असतं.

म्हणालो, "नळीला काय धाड भरलीय? सील जुनं होतं."

"तेच मी दारियाला म्हटलं. दादांची नळी आहे, गोठायची नाही."

गेला. मार्फा म्हणाली, "सील तू ऑक्टोबरात बदललं होतंस ना? शहरातून मागवलं होतंस."

दुसरं, म्हटलं. मागचं. मागचं सील वेगळं असतं.

तिनं मान हलवली. तिला सील कळत नाही. चाळीस वर्षं मी तिला हेच सांगत आलोय — तुला यातलं कळत नाही.

बरगड्या खाल्ल्या नाहीत. पोट बरं नाही म्हटलं.

३० नोव्हेंबर. उणे ५०.

मुलगी! तीन किलो दोनशे. आवाज फोनवरून ऐकला. मार्फा चुलीशी जाऊन रडली, मग हसली, मग मला म्हणाली, "आता लाव तुझे आकडे!"

अंगणात जाऊन उभा राहिलो. श्वास सोडला की गोठून सळसळतो इथे, उणे पन्नासाखाली. तेवढाच आवाज. मला आनंद झाला पाहिजे तेवढा झाला. पण तो बसायला जागा शोधत राहिला.

१ डिसेंबर. उणे ५३.

एर्चिम खाणीवरून आला तो थेट दवाखान्यात गेला. तिथून फोन केला. हा पोरगा माझ्याशी कधी चार वाक्यांपेक्षा जास्त बोलला नाही. आज म्हणाला, "बाबा, मुलीचं नाव तुम्ही ठेवायचं. आमचं दोघांचं ठरलंय. तुम्ही होतात म्हणून ती आहे."

मी म्हटलं, लाइन खराब आहे, नंतर बोलू. लाइन स्वच्छ होती.

त्यांना आणायला गेलो की सांगेन. तिला आधी. मग एर्चिमला. मग गावरीलला — त्याला सगळ्यात शेवटी, आणि घरात बोलावून, चार माणसांत नाही. असा क्रम ठरवलाय. घाई कशाला? नळी लटकतेय ती माझ्याच गाडीखाली. कुणाचं काही बिघडत नाही.

२ डिसेंबर. उणे ५३.

दिवसभर गावरीलच्या अंगणात ठोकाठोक. हिवाळ्याची तयारी डिसेंबरात करणारा माणूस! कुंपणावरून हाक मारली, काय चाललंय? "दार बसवतोय, दादा! तुमची दोरी-दोरी ऐकून कंटाळलो!" हसला. मीही हसलो. बरं वाटलं जरा.

३ डिसेंबर. उणे ५४.

मार्फा सकाळी गोठलेल्या दुधाच्या चकत्या द्यायला गावरीलकडे गेली होती. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सातलाच निघाले, दारियाला छातीच्या डॉक्टरला दाखवायला. काल दोघं गाडीखालीच होते. "तुमच्या मालकांसारखी नळी बाहेर काढलीय म्हणे. कातडंबितडं सगळं तसंच. दारिया केवढी खूष होती!"

सात आणि दीड तास, साडेआठ. आता सव्वानऊ झालेत.

पाव तापतेय. तेल, गोधड्या, ब्लोलॅम्प घेतले. निघतो. वही टेबलावर उघडी ठेवतोय.

मार्फा — २१ आणि २७ तारीख वाच. मग दुकानात जा आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव.